आंबा : खुंट व पोषण

आंब्याच्या (लॅ. मँजिफेरा इंडिका, कुल–ॲनाकार्डिएसी) कलमी झाडाचे दोन भाग असतात : मुळे धरणारा खुंट व त्यावर बांधलेली, फळाचा प्रकार ठरविणारी कलमकाडी. झाडाचा विस्तार, त्यास मिळणारे पाणी व अन्नद्रव्ये आणि पर्यायाने उत्पन्न ही पुष्कळ अंशी खुंटावर अवलंबून असतात. नासपतीसारख्या समशीतोष्ण फळझाडांत हे फार पूर्वी ओळखले गेले. बिहीच्या खुंटावर नासपतीचे झाड ठेंगणे राहते व लवकर फळते. शिवाय हे खुंट छाट किंवा दाब कलमाने वाढवीत असल्याने सर्व झाडे सारखी निघतात. कोकणातील आंब्यात अशी एकरूपता नाही.

कोकणात खुंटासाठी रायवळ आंब्याच्या कोयी वापरतात. रायवळाच्या कोयीत बहुधा एकच भ्रूण असतो व तो परपरागणातून आलेला असल्याने प्रत्येक रोपाचे गुण वेगळे असतात. एकाच हापूसच्या काड्या बांधूनही आणि खत सारखे देऊनही काही झाडे जोमदार, तर काही खुरटी का राहतात, याचे एक कारण येथे आहे. याउलट दक्षिणेकडील वेल्लाइकोलंबन, ओलूर हे प्रकार बहुभ्रूणी होत. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात व त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात. वेल्लाइकोलंबनवर बांधलेले हापूसचे झाड लहान राहते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. लहान झाडे दाट लावता येतात व त्यांची तोडणी, फवारणी सुकर होते.

परंतु ठेंगणा खुंट सर्वत्र हितकारक ठरेलच असे नाही. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर तालुक्यांत आंब्याच्या वाट्यास बहुधा डोंगरउतारावरील उथळ, अम्लधर्मी वरकस जमीन येते. चार महिन्यांत ३,००० मिमी.च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो व पुढे मेअखेरपर्यंत जमीन कोरडी असते. अशा जागी खोल मुळांचा जोमदार खुंटच अधिक भरवशाचा. पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घेते. म्हणून खड्ड्यातच जूनमध्ये ताज्या कोयी रुजवून रोपे तांबूस, कोवळी असतानाच त्यांवर काडी बांधणे श्रेयस्कर. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग कार्यक्रमाने १९९० नंतर वरकस जमिनींवर लागवड वाढली. मात्र झाडांची संख्या वाढणे आणि ती उतारावर तग धरून फळणे या भिन्न गोष्टी होत.

महाड तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाण्याने भरलेला मातीचा जाड थर खडकावरून घसरू लागला म्हणजे आंब्याची मुळे त्यास रोखू शकत नाहीत. झाडांमुळे वरच्या मातीची धूप कमी होते, एवढेच. फळबाग हा दरडीवरील उपाय मानू नये. जमिनीस भेगा पडलेल्या उतारावर पाणी मुरविणारे चर खणणे तर धोक्याचेच असते.

या जमिनींत लोह व ॲल्युमिनियम यांमुळे फॉस्फेट बांधले जाते, तर नायट्रोजन व पोटॅश पावसाने निचरून जातात. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२, पुढे डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव दिलेल्या) शिफारशीनुसार पहिल्या वर्षी झाडास शेणखताबरोबर १५० ग्रॅ. नायट्रोजन, ५० ग्रॅ. फॉस्फरस व १०० ग्रॅ. पोटॅश देतात आणि दरवर्षी तितकीच वाढ करीत दहाव्या वर्षापासून हे प्रमाण अनुक्रमे १·५, ०·५ व १ किग्रॅ.वर स्थिर ठेवतात. खत बुंध्याशी न टाकता पसाऱ्याच्या आतील बाजूस उथळ वर्तुळाकार चरात घालून मातीने झाकतात, कारण अन्न शोषणारी बारीक मुळे तेथे असतात. तीव्र उतारावर मात्र पूर्ण वर्तुळाऐवजी वरच्या बाजूस अर्धवर्तुळ पुरते; खालच्या बाजूचे खत पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहून जाते. फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून पोटॅशियम नायट्रेटचा १ टक्का फवारा दिल्यास गळ कमी होते.

हापूस एक वर्षाआड फळतो. जोमदार खुंटावर फाजील पालवी फुटून मोहोर हुकतो, तेव्हा जुलै–ऑगस्टमध्ये पॅक्लोब्युट्राझॉल मुळांजवळ देऊन वाढ आवरतात. त्याची मात्रा पसाऱ्याच्या व्यासाच्या दर मीटरला ०·७५ ग्रॅ. क्रियाशील घटक अशी ठरविली आहे. ठेंगण्या खुंटाने जे साधते त्याचा काही भाग असा रसायनाने साधतो. पण दहा वर्षांखालील किंवा उपाशी झाडास ते देणे घातक, कारण मोहोराबरोबर झाडाचा संचितसाठाही खर्ची पडतो.