न दिसणाऱ्या कारखान्याचे भागीदार

मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली, आणि पेडण्यातील जमिनीला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. कोणी भाट विकले. कोणाचा मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास संगणकाच्या कंपनीत लागला व घरी पैसे पाठवू लागला. हा पैसा बँकेत मुदतीने ठेवावा, की मुलगा सांगतो त्या संगणक कंपन्यांचे शेअर घ्यावेत, असे आता पेडण्या-डिचोलीकडील परिचित मंडळी आम्हांस विचारतात. आम्ही दलाल नव्हे आणि पंडितही नव्हे. मात्र अशा चार कंपन्यांचे थोडे शेअर बरीच वर्षे बाळगून आहोत. तेव्हा जे अनुभवास आले ते आडपडदा न ठेवता सांगतो.

शेअर ही वस्तू गोमंतकीयास सर्वस्वी परकी नाही. कोमुनिदादीत गावकाराला वर्षाकाठी जोण मिळते, आणि तिचे विकत घेतलेले भाग बाळगणारे भागधारकही पूर्वापार आहेत. फरक एवढाच, की कोमुनिदादीचे शेत बांधावर उभे राहून पाहता येते. संगणकाच्या कंपनीचे काय पाहाल? तेथे ना चिमणी, ना गोदाम. माणसे पडद्यापुढे बसून सातासमुद्रापलीकडच्या बँकांची व दुकानांची कामे करतात आणि त्याचे डॉलर येतात. आपण त्या कारखान्याचे भागीदार खरे, पण कारखाना आपल्याला दिसत नाही.

मग लोकांस त्याची भुरळ का पडते? त्याचे उत्तर जळगाव जिल्ह्यातील अंमळनेर गावात सापडते. साने गुरुजी जेथे शिक्षक होते तेच हे गाव. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढून तेथे वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. गावच्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली वडील वारले तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले. पुढे १९७८ साली आयबीएम ही परदेशी कंपनी भारतातून निघून गेली, आणि १९८० च्या सुमारास तूप-साबणाच्या या कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. तीच आजची विप्रो. ज्यांनी शेअर जपले त्या अंमळनेरकरांच्या घरी लक्ष्मी आली. पण नीट पाहावे: त्यांनी संगणकाचा भाग घेतलाच नव्हता, घेतला होता तो तेल-तुपाचा! दूरदृष्टीचे श्रेय त्यांना देणे म्हणजे उगाच स्तुती होईल. त्यांनी शेअर विकले नाहीत, एवढेच त्यांचे कर्तृत्व. आणि ते काही लहान नव्हे.

हिशेबाचा एक नमुना देतो. २००४ च्या आरंभी ज्याच्याजवळ विप्रोचे ३ शेअर होते, त्याचे मधल्या सहा बोनसांमुळे २०२४ च्या अखेरीस १६० झाले. हे ऐकून डोळे विस्फारतात. परंतु बोनस म्हणजे त्याच भाकरीचे अधिक तुकडे. भाकरी मोठी झाली तरच पोट भरते, आणि ती दरवर्षी मोठी होतेच असे नाही. फेब्रुवारी २००० मध्ये विप्रोचा भाव शिखरावर होता. सव्वा वर्षाच्या आत त्याचा फार मोठा हिस्सा वाहून गेला. सत्यम कंपनीच्या प्रमुखाने ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबच खोटे असल्याचे पत्र लिहून कबूल केले, तेव्हा १७९ रुपयांच्या आसपासचा शेअर त्याच दिवशी ४० च्या खाली आला. आमच्या चारांपैकी एकीने खरे पैसे मिळवून दिले, दोघी बँकेच्या ठेवीच्या मागेपुढे चालल्या, चौथी अजून खालीच बसली आहे. त्या एकीला आम्ही कोणत्या विद्येने ओळखले असे कोणी विचारले, तर उत्तर नाही. भाव चढला की मनुष्य आपल्या अकलेला शाबासकी देतो व उतरला की बाजाराला दोष देतो. आमचे मनही तसेच आहे.

तथापि आमची खरी चिंता निराळी आहे, आणि ती डिचोलीकरांनी चटकन ओळखावी. खाणी चालू होत्या तेव्हा एकाच घरात काय काय होते? मोठा मुलगा खाणीवर, धाकट्याचा कर्जाचा ट्रक खनिज वाहणारा, मागची खोली खाणकामगारांस भाड्याने, आणि कपाटात खाणकंपनीचेच शेअर. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने व ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, तेव्हा पगार, फेरे, भाडे व लाभांश हे चारही झरे एकदम आटले. २०१४ साली वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा बंदी आली. डिचोलीचा पट्टा २०२२ च्या अखेरीस लिलावात गेला व २०२४ मध्ये तेथे काम सुरू झाले. मधल्या काळात ट्रकांचे हप्ते कोणी थांबवले नव्हते.

आता ज्याचा मुलगा संगणक कंपनीत आहे, त्याने भाटाचे पैसेही संगणक कंपन्यांतच घातले तर यापेक्षा वेगळे ते काय? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० नोकर कमी करण्याचे जाहीर केले. यंत्रच आता लिहू-वाचू लागले असता ही कामे किती उरतील, याची चर्चा जगभर आहे. नोकरी जाण्याचे व शेअर पडण्याचे दिवस बहुधा एकच असतात. म्हणून मुलीच्या नर्सिंगची फी आम्ही बँकेतच ठेवली आहे, आणि सात-आठ वर्षे ज्याची गरज पडणार नाही तेवढाच पैसा शेअरांत.

गोव्यातील घरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. येथील नागरी कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी निराळा करार केला नसल्यास, नवऱ्याच्या नावचे शेअरही निम्मे बायकोचे असतात. आयकर कायदाही पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न उभयतांत निम्मे निम्मे धरतो. असे असता कित्येक घरांत बाईला डीमॅट खाते कोठे आहे हेही ठाऊक नसते. सात वर्षे लाभांश कोणी उचलला नाही, तर तो व ते शेअरही सरकारी निधीकडे जातात. अर्ज करून परत मिळतात खरे, पण कागदपत्रे गोळा करता करता वारसांचे जोडे झिजतात. जुन्या कागदी शेअरांचे १ एप्रिल २०१९ पासून खरेदीविक्रीने हस्तांतर होत नाही. ते आधी डीमॅट करून घ्यावे लागतात. आजोबांच्या पेटीच्या तळाशी असा एखादा पिवळा कागद असेल तर तो या महिन्यातच बाहेर काढावा, आणि खात्यावर वारसाचे नाव लावले आहे की नाही हे पाहताना घरच्या बाईला शेजारी बसवावे.