आगीतून घडलेला तुंगार

जपानचा फुजी डोंगर शेवटचा फुटला तो १७०७ च्या डिसेंबरात, औरंगजेब वारला त्याच वर्षी. त्याची राख सुमारे शंभर किलोमीटरवरच्या एदो शहरावर, म्हणजे आजच्या टोकियोवर, पडली. तरी जपानी माणसाने या डोंगराकडे पाठ फिरवली नाही. डोंगराचा कोप शांत व्हावा म्हणून पायथ्याशी सेन्गेन देवळे उभी होतीच. तिथली देवी कोनोहानासाकुया-हिमे. स्त्रियांना मात्र १८७२ पर्यंत शिखरावर जायला बंदी होती. ज्यांना एवढी चढण झेपत नसे त्यांच्यासाठी भक्तमंडळ्यांनी एदोतच छोटे छोटे फुजी रचले आणि त्यांवर खऱ्या फुजीवरचे लाव्हाचे दगड आणून बसवले. २०१३ साली युनेस्कोने ३,७७६ मीटर उंचीच्या या डोंगराला जागतिक वारशात घेतले, तेही श्रद्धेचे आणि कलेच्या प्रेरणेचे ठिकाण म्हणून, सांस्कृतिक गटात. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. फुजीला हात जोडणाऱ्याला ठाऊक असते की आपण आगीपुढे उभे आहोत.

वसईच्या पूर्वेला उभा असलेला तुंगार डोंगरही आगीचाच. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला त्यावरच्या तुंगारेश्वराच्या देवळाची वाट माणसांनी भरून जाते. परशुरामाने विमलासुराला मारल्याची कथा इथलीच आणि तिचा धागा पार निर्मळच्या तळ्यापर्यंत जातो. पण ज्या काळ्या कातळावरून आपण देवळाकडे चढतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हे वाटेत कुणीच सांगत नाही.

फुजीसारखे टोकदार शिखर आणि मुखाचा खड्डा इथे शोधू नये. दख्खनचा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून वाहिला, थरावर थर साचला, थिजला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. सह्याद्रीत हे थर बरेचसे आडवे दिसतात, मुंबई-वसईच्या पट्ट्यात ते समुद्राकडे कललेले आहेत. तुंगारला डोंगराचा आकार दिला तो पुढच्या कोट्यवधी पावसाळ्यांनी. ओढ्यातला एखादा दगड उचलून पाहा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असतील तर ते वायूच्या बुडबुड्यांची जागा दाखवतात. त्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरल्या.

हा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, देवाधर्माच्या कामी पूर्वीपासून येतो. गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागावरचे कोरीव बसाल्टाचे खांब वसईच्या दगडाचे आहेत.

शिरसाड फाट्यावरून अंबाडी रस्त्याने गेले की तुंगारच्या पलीकडच्या अंगाला वज्रेश्वरी येते. वसई जिंकली तर देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता. १७३९ मध्ये वसई मिळाली आणि देऊळ उभे राहिले. जवळच तानसा नदीच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आहेत. देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्तच या पाण्यात वाहते, असे जुने लोक सांगतात. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. पावसाचे पाणी भेगांमधून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची धग त्यात उरलेली नाही; ती केव्हाच निवली.

ही दोन्ही उत्तरे मुलांना एकाच सहलीत, कुंडाच्या काठावर उभे करून सांगावीत. कथेमुळे देवीचा पराक्रम कळतो, भूशास्त्रामुळे पायाखालची जमीन कळते. तुंगारेश्वरच्या जंगलाला २००३ पासून अभयारण्याचे संरक्षण आहे, पण वसई तालुक्यातले इतर डोंगर खाणी आणि क्रशर खात चालले आहेत. देवळाच्या वाटेवर वन विभागाने या कातळाचे वय आणि जन्मकथा सांगणारा एक मराठी फलक लावावा, आणि तसाच एक फलक खाणींकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीही असावा.