दुपारी तीनला अंधार पडतो तेव्हा

"जेवली का?" हा आईचा रोजचा पहिला प्रश्न. नागपुरात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे आणि आमच्याकडे स्टॉकहोमला दुपारचे तीन. पण खिडकीबाहेर दोन्हीकडे अंधारच. आई विचारायची, "तुमच्याकडे तर आता दुपार न? मग लाइट काहून लावले?" आम्ही हसून विषय बदलायचो. खरं कारण घरी सांगायला आम्हाला तीन महिने लागले.

आम्ही नवराबायको मिळून हा लेख लिहीत आहोत. दोघंही उत्तर नागपुरातल्या वस्तीत वाढलो. एकाला स्वीडनमध्ये नोकरी मिळाली आणि दुसरी आपली शाळेतली नोकरी सोडून सोबत आली. आज आपल्या वस्त्यांमधून कोणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, कोणी नोकरीवर, तर कोणी लग्न होऊन परदेशी जातं. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांतही आपली मुलं पोहोचली आहेत. त्यांच्या आईवडिलांना तिथल्या थंडीची काळजी असते. पण थंडी अंगावर कपडे चढवले की निभते. आम्हाला आजारी पाडलं ते अंधाराने. त्यातून आम्हाला औषधाने बाहेर काढलंच, पण लोकरीच्या गुंड्याने, मातीच्या एका खोक्याने आणि रोजच्या पायी फिरण्यानेही काढलं. म्हणून आरोग्याच्या पानावर ही गोष्ट सांगतो आहोत.

पहिला हिवाळा

आम्ही ऑक्टोबरात उतरलो. झाडं पिवळी-तांबडी झाली होती, सगळं सुंदर दिसत होतं. डिसेंबर लागला आणि सकाळी पावणेनऊला उगवणारा सूर्य दुपारी तीनच्या आत मावळू लागला. तोही ढग नसले तर दिसायचा. नोकरीवाला अंधारात जायचा आणि अंधारातच परतायचा. घरी असलेली अकरापर्यंत झोपायची, उठून भात नाही तर गोड खायची आणि पुन्हा झोपायची. केस विंचरणं बंद झालं. फोन वाजला तरी उचलावासा वाटेना. कारण नसताना रडू यायचं, पाय आणि कंबर दुखायची.

आम्हाला वाटलं, घरची आठवण आहे, थोडा आळस आहे. एका रात्री भांडण झालं. "एवढ्या चांगल्या देशात येऊन रडतेस कशाला?" हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलं. त्याची लाज आजही वाटते, कारण तो आळस नव्हता. तो आजार होता.

स्वीडनमध्ये तब्येतीचा सल्ला हवा असेल तर ११७७ या नंबरवर फोन करायचा. आम्ही जानेवारीत फोन केला. जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी झाली. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, आणि मनाचा आजारही सुरू झाला होता. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, समुपदेशकाची वेळ दिली आणि विचारलं, "दिवसा, उजेड असताना, तुम्ही किती वेळ बाहेर असता?" उत्तर होतं, शून्य.

अंधार शरीराला काय करतो?

आपलं झोपेचं आणि जागेपणाचं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर चालतं. सकाळी उजेड मिळाला नाही की ते घड्याळ मागे पडतं. झोप वाढते, गोड खावंसं वाटतं, मन खाली जातं. दर हिवाळ्यात येणाऱ्या या उदासीला १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार म्हणून नाव दिलं. त्यावर दहा हजार लक्स उजेडाचा खास दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवण्याचा उपचार केला जातो. डोळ्यांचा विकार असेल किंवा मन कधी फार उसळणारं, कधी फार खचणारं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरी गोष्ट ड जीवनसत्त्वाची. ते उन्हामुळे कातडीत तयार होतं. पण इतक्या उत्तरेला हिवाळ्यात सूर्य एवढा खाली असतो की उन्हात उभं राहूनही ते तयार होत नाही. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या कातडीला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या माणसापेक्षा जास्त ऊन लागतं. म्हणून उन्हाळ्यातला साठाही आपल्याकडे कमीच भरतो. तिथे मोठ्या माणसाला रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व मिळावं असा सल्ला आहे. ते बांगडा, हेरिंग, सामन अशा तेलकट माशांतून आणि जीवनसत्त्व घातलेल्या दुधातून मिळतं. नॉर्वेत हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल चमचाभर पिण्याची जुनी सवय आहे. आपल्याला किती गोळ्या लागतील ते मात्र डॉक्टरांनी ठरवायचं.

उजेडाची ही भूक तिथल्या लोकांनाही आहे. नॉर्वेतलं र्‍युकान गाव खोल दरीत आहे. शरद ऋतूपासून मार्चपर्यंत तिथे ऊनच पडत नाही. २०१३ साली गावाने डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले आणि चौकात ऊन पाडलं. लोक तिथे येऊन उन्हात उभे राहतात.

सुया आणि लोकर

समुपदेशक बाईंनी पहिलं काम दिलं ते सोपं होतं. आठवड्यातून एकदा घराबाहेर पडून चार माणसांत बसायचं. स्वीडनमध्ये बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत 'भाषा कॅफे' असतो. तिथे फुकट बसता येतं आणि तुटक्याफुटक्या स्वीडिशमध्ये बोलता येतं. आमच्या वाचनालयात त्याच दिवशी विणकामाचा गटही बसायचा. एका म्हातारबाईंनी काही न विचारता आमच्या हातात दोन सुया आणि निळी लोकर दिली.

सुया हातात आल्या आणि आई आठवली. नागपूरच्या थंडीत दारात, उन्हात बसून ती स्वेटर विणायची. त्या रात्री तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही आपणहून आईला फोन लावला, तोही सुलट-उलट टाक्यांसाठी. व्हिडिओवर आई सुया धरून दाखवू लागली आणि बोलता बोलता सगळं सांगून झालं. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "पहिले सांगायचं ना, पोरी. आम्ही का परके आहो?"

विणकामाने आजार बरा होतो असं आम्ही म्हणणार नाही. पण टाके मोजताना मन तेच तेच उगाळत नाही. रोज चार बोटं विणलं की आज काहीतरी केलं असं वाटतं. टाका सुटला तर उसवून पुन्हा घालता येतो. आणि गटात बसल्यावर बोललंच पाहिजे असं बंधन नसतं. भाषा येत नसलेल्या माणसाला हा मोठा आधार आहे. आम्ही स्वीडिशमधले पहिले शंभर शब्द तिथेच शिकलो.

या भागात विणकामाने गरिबांची घरंही चालवली आहेत. १९३० नंतरच्या मंदीत स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोहुसलेन भागात, दगडाच्या खाणींचं काम बसलं. पाथरवटांच्या बायका काम मागायला प्रांताच्या राज्यपालांच्या पत्नी एम्मा याकोबसन यांच्याकडे गेल्या. त्यातून १९३९ साली बोहुस स्टिकनिंग ही संस्था उभी राहिली. त्या बायकांच्या हातचे स्वेटर परदेशातही विकले गेले. १९६९ पर्यंत हे काम चाललं.

एक सूचना : विणताना अर्ध्या तासाने हात थांबवा, मनगट आणि मान मोकळी करा. आणि विणायला खिडकीपाशी, उजेडात बसा.

वाफा लहान, काम मोठं

मार्चमध्ये दिवस भराभर वाढू लागला. आमच्या इमारतीच्या अंगणात लाकडी खोक्यांचे वाफे होते, प्रत्येक १२० सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद. त्यातला एक आम्हाला मिळाला.

स्वीडनमधल्या शहरांत गरीब कामगारांसाठी जमिनीचे छोटे तुकडे देण्याची जुनी पद्धत आहे. स्टॉकहोममध्ये आन्ना लिंडहागेन यांनी १९०६ साली त्यासाठी संघटना उभी केली. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या कामगारांच्या घराला भाजी मिळावी आणि मुलांना मोकळी हवा मिळावी हा हेतू होता. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली तेव्हा याच तुकड्यांवर बटाटे पिकले. आज त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून थांबावं लागतं. पण खोक्याचा वाफा किंवा खिडकीतली कुंडी कोणालाही जमते.

पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. एप्रिलमध्ये मिरचीची रोपं बाहेर लावली आणि एका रात्रीच्या हिमाने सगळी काळी पडली. शेजारच्या आजोबांनी समजावलं की मार्चमध्ये बी घरात, खिडकीत पेरायचं आणि नाजूक रोपं मे संपता संपता बाहेर काढायची. मेथी आणि पालक थंडीतही छान आले. सांबार मात्र लगेच फुलावर गेला. जूनमध्ये तिथे दिवस अठरा तासांहून मोठा असतो, आणि एवढ्या उजेडात त्याला पानं धरायला वेळच मिळत नाही. तो ऑगस्टमध्ये पेरला तर टिकतो. मिरची खिडकीतच ठेवावी.

पहिली मेथी खुडली तेव्हा शेजाऱ्यांना भाजी दिली. त्यांनी बटाटे दिले. दीड वर्षं एकाच जिन्यात राहून जी ओळख झाली नव्हती, ती एका जुडीने झाली.

पायवाट सगळ्यांची

तिथल्या लोकांकडे एक शब्द आहे, 'फ्रिलुफ्ट्सलिव', म्हणजे मोकळ्या हवेतलं जगणं. नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांनी १८५९ साली तो वापरला आणि तो रुजला. हिवाळ्यातही बाळाला गुंडाळून बाबागाडीत घराबाहेर झोपवतात. बालवाडीतली मुलं पावसात, बर्फात रोज बाहेर खेळतात. हवामान वाईट नसतं, कपडे वाईट असतात, असं ते म्हणतात.

आणि फिरायला पैसे लागत नाहीत. स्वीडन आणि नॉर्वेत जंगलावर, माळावर, तळ्याकाठी फिरण्याचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. नॉर्वेत त्यासाठी १९५७ चा कायदा आहे. स्वीडनमध्ये १९९४ पासून हा हक्क राज्यघटनेत नोंदलेला आहे. अट एवढीच की कोणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, काही मोडायचं नाही. रानातली ब्लूबेरी, लिंगनबेरी कोणीही वेचू शकतं. पहिल्यांदा तळ्याकाठी गेलो तेव्हा आम्ही कोणी हटकेल म्हणून मागे वळून पाहत होतो. कोणी हटकलं नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, त्यांना हा हक्क काय आहे ते वेगळं सांगायला नको.

आमचा नियम साधा आहे. दुपारी बारा ते एक, आकाश कसंही असो, बाहेर. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. नोकरीवाला जेवणाच्या सुट्टीत चालतो.

हे सांभाळा

• अंगाला लागून लोकरीचा कपडा घाला. सुती कपडा घामाने ओला होऊन गार पडतो. वरून वारा अडवणारं जाकीट हवं.

• बर्फ गोठून काच झालेली असते. बुटाला खिळ्यांचे पट्टे लावा. अंधारात चमकणारी पट्टी अंगावर असू द्या, म्हणजे गाडीवाल्याला तुम्ही दिसाल. गोठलेल्या तळ्यावर जाणत्या माणसाशिवाय पाऊल टाकू नका.

• गवतातून आल्यावर गोचीड तपासा : काखेत, गुडघ्यामागे, मुलांच्या केसांत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. नंतर पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरकडे जा. सावळ्या कातडीवर चट्टा पटकन दिसत नाही, म्हणून उजेडात नीट पाहा. गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे.

• रानातल्या अळंब्या, ज्यांना आपण सात्या म्हणतो, तिथे ओळखीच्या वाटल्या तरी खाऊ नका. तिथली एक पांढरी अळंबी जीवघेणी आहे. खाल्ल्यावर कित्येक तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब लागतात आणि यकृत निकामी होतं. शंका आली तर वाट न पाहता ११२ ला फोन करा.

• दोन आठवडे सतत उदास वाटलं, झोप आणि भूक बिघडली, जगणं नकोसं वाटलं, तर छंदावर थांबू नका. डॉक्टरला गाठा. जीव द्यावासा वाटत असेल तर तिथे लगेच ११२. आपल्याकडे टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

घरच्यांसाठी

ज्यांचा मुलगा, मुलगी, सून, जावई तिकडे आहे त्यांना आमची एक विनंती. फोनवर "जेवली का?" जरूर विचारा. त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारा : "आज उजेडात बाहेर गेली होती का?" आणि "आज कोणाशी बोलली?" उत्तर सारखं "नाही" येत असेल तर रागावू नका. "एवढ्या चांगल्या देशात" हे वाक्य तर बोलूच नका. जाणाऱ्याच्या पेटीत लोणच्यासोबत विणकामाच्या सुया आणि मेथीदाणे ठेवा. तेच मेथीदाणे आम्ही पेरले होते.

आणि आईवडिलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आपल्या वस्तीतही अरुंद गल्लीतल्या खोलीत ऊन येत नाही, आणि घरकामात अडकलेल्या बाईचा दिवस आतच जातो. दारात, गच्चीवर, विहाराच्या अंगणात थोडा वेळ उन्हात बसा. हातात सुया असतील तर उत्तमच.

यंदा आम्ही विणलेला पहिला स्वेटर आईला पाठवला. एक बाही थोडी लांब झाली आहे. आई म्हणाली, "राहू दे, मी उसवून नीट करतो."