जपानचा सिनेमा अमेरिकेत गेला तेव्हा



आज मी तुम्हाला जपानच्या कार्टून सिनेमांची माहिती सांगणार आहे. हे सिनेमे अमेरिकेत जातात तेव्हा त्यांत काय काय बदलतात, ते मी लिहिले आहे. माझा मावसभाऊ पुण्याला कॉलेजात शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला होता. त्याने मला हे सिनेमे मोबाईलवर दाखवले आणि सगळे समजावून सांगितले.

कार्टूनमध्ये खरी माणसे नसतात, चित्रे असतात. त्यामुळे त्यांच्या तोंडी कोणत्याही भाषेचा आवाज घालता येतो. पण हे काम वाटते तेवढे सोपे नाही. चित्रातले तोंड जपानी वाक्यापुरतेच हलते. तोंड मिटले आणि आवाज चालूच राहिला तर लोक हसतील. म्हणून इंग्रजी वाक्य मापून तेवढ्याच लांबीचे करावे लागते. कपडे शिवताना शिंपी माप घेतो, तसेच हे आहे.

काही बदल चांगले असतात. ‘स्पिरिटेड अवे’ नावाचा सिनेमा २००१ साली निघाला. तो हायाओ मियाझाकी यांनी केला. त्यात चिहिरो नावाची मुलगी एका मोठ्या इमारतीपाशी येते. तिथली अक्षरे बघून जपानी मुलांना लगेच कळते, की हे आंघोळीचे घर आहे. तिकडे पैसे देऊन आंघोळ करायची अशी घरे असतात. अमेरिकेतल्या मुलांना हे कसे कळणार? म्हणून इंग्रजीत चिहिरोच्या तोंडी एक वाक्य जादा घातले, की हे तर आंघोळीचे घर आहे. गोष्ट काही बिघडली नाही, उलट समजली. या सिनेमाला २००३ साली ऑस्कर बक्षीस मिळाले.

पण काही बदल वाईट असतात. मियाझाकींचा ‘नौसिका’ हा सिनेमा १९८४ चा आहे. त्यात एक विषारी जंगल आहे आणि त्यात घराएवढे किडे आहेत. लोकांना वाटते, जंगल जाळून टाकावे. पण नौसिका नावाची राजकन्या शोध लावते. त्या जंगलातली झाडे जमिनीतले विष शोषून घेतात आणि माती शुद्ध करतात. किडे त्या जंगलाची राखण करतात. म्हंजे ज्यांना शत्रू समजले, तेच उपकार करत होते.

हा सिनेमा १९८५ साली अमेरिकेत गेला. तिथल्या कंपनीने त्यातली सुमारे बावीस मिनिटे कापली. नाव बदलून ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ ठेवले, म्हणजे वाऱ्याचे योद्धे. नौसिकेची झँड्रा केली. जाहिरातीच्या चित्रात तर सिनेमात नसलेलेच पुरुष काढले! आणि किडे नुसते दुष्ट वाटू लागले. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, असे आपण शिकलो. त्या धड्यातून गांडूळ काय काम करते तेवढेच कापले, तर काय उरेल? नुसता किडा उरेल.

जपानी मंडळींना फार वाईट वाटले. पुढे त्यांच्या ‘घिबली’ या संस्थेने ठरवले, की आमचा सिनेमा कुणी कापायचा नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ हा सिनेमा १९९७ चा. तो अमेरिकेत न्यायचे ठरले, तेव्हा तिथल्या कंपनीच्या प्रमुखांना तो कापून लहान करायचा होता. तेव्हा घिबलीचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी त्यांना एक जपानी तलवार भेट दिली आणि बजावले, कापायचे नाही! मला हे वाचून लई हसू आले. १९९९ साली तो सिनेमा अमेरिकेत न कापता दाखवला.

डोरेमॉन तर तुम्हाला माहीतच आहे. ती टीव्हीची मालिका आहे. २०१४ साली ती अमेरिकेत दाखवली तेव्हा नोबिताचा नोबी झाला, जेवायच्या काड्यांऐवजी काटे आले आणि येनचे डॉलर झाले. आपण हिंदीत बघतो त्यात नोबिता नोबिताच आहे. आपले कुठे काय अडले?

आता मी माझी एक चूक सांगतो. ‘किकी’ नावाचा सिनेमा १९८९ चा आहे. त्यात तेरा वर्षांची किकी झाडूवर बसून उडते आणि लोकांच्या वस्तू पोचवते. तिचा जिजी नावाचा काळा बोका असतो. तिला त्याचे बोलणे समजते. माझ्या आजीला तो सिनेमा बघायचा होता. दादा पारावर गेला होता, म्हणून मीच शेजारी बसून मराठीत सांगत होतो. चेटकीण म्हटले तर आजी घाबरेल, म्हणून मी जादूची मुलगी म्हटले. आमच्या आळीत एका म्हाताऱ्या बाईंना सगळे जिजी म्हणतात. आजी हसेल म्हणून मी बोक्याचे नाव काळू केले.

पुढे एक दिवस किकीला बोक्याचे बोलणे समजेनासे होते. शेवटी ती पुन्हा उडू लागते, पण बोका नुसता म्याव करतो. आजीने विचारले, “आता काय म्हणालं मांजार?” तिला वाईट वाटू नये म्हणून मी सांगितले, “तो म्हणाला, किकी, मी परत बोलायला लागलो.”

रात्री मी दादाला हे सांगितले. तो हसतच सुटला. १९९८ साली अमेरिकेत इंग्रजी आवाज घातले, तेव्हा त्यांनीही हेच केले होते! शेवटी बोक्याला बोलायला लावले. शिवाय त्याच्या तोंडी पुष्कळ विनोद घातले आणि किकीच्या कॉफीचा चॉकलेटचा पेला केला. पुढे २०१० साली पुन्हा काढताना शेवटचे बोलणे आणि बरेच जादा विनोद काढून टाकले.

मला रात्रभर चुटपूट लागली. सकाळी आजी तांदूळ निवडत होती. मी तिला खरे सांगितले, की बोका शेवटी बोलतच नाही. आजी म्हणाली, “मला ठावं हाय. मी म्याव ऐकली की! आरं, पोर शाणी झाली. आता तिला मांजराचं बोलणं कशापायी लागतंय?”

मी गप्पच बसलो. मला वाटले होते आजीला समजणार नाही. पण तिला माझ्यापेक्षा जास्त समजले होते. अमेरिकेतल्या मुलांनाही समजले असते.

मित्रांनो, भाषा बदलावी, म्हणजे दूरची गोष्ट आपल्या घरी येते. जे समजणार नाही ते एखाद्या शब्दाने समजावून सांगावे. पण गोष्टीला जे सांगायचे आहे ते बदलू नये, आणि ऐकणाऱ्याला कमी समजू नये.

आता मी आजीला नौसिकेची गोष्ट सांगतोय. एक मिनिटही कापणार नाही. आजीला मध्येच झोप लागली, तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सांगणार.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी