पंचवीसचा पाढा : मुलांच्या हाती इलेक्ट्रिक स्कूटर देण्याआधी



सकाळी क्लास सुटायच्या वेळी गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला पाच मिनिटं उभे राहून बघा. आवाज न करता सुळकन जाणारी छोटी इलेक्ट्रिक स्कूटर, तिच्यावर दोन मुलं, आणि हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. पालकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "अहो सर, या गाडीला लायसन्स लागतच नाही!"

हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजण्यासाठी आज पंचवीसचा पाढा म्हणूया.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच बॅटरीवरची गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, लायसन्स नाही. मात्र अशा गाडीलाही पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचा मान्यता दाखला लागतो. खरेदी करताना तो मागून घ्या.

खरी गोम पुढे आहे. काही ठिकाणी "वेगाचं लॉक काढून देतो" म्हणतात आणि गाडी 45-50 ने पळू लागते. त्या क्षणी ती कायद्याने मोटार वाहन ठरते, तीही विनानोंदणी आणि विनाविमा. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवताना गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 199अ नुसार पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. बघा, पुन्हा पंचवीसच!

विज्ञान काय सांगतं?

आठवी-नववीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्या. ताशी 25 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 7 मीटर. समोर अचानक कुत्रं आलं आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर गाडी तेवढ्यात 7 मीटर पुढे गेलेली असते. वेग 50 असेल तर 14 मीटर. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर तर दुप्पट नव्हे, चौपट होतं, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छोट्या गाडीची चाकं आणि ब्रेक कमी वेगासाठीच बनवलेले असतात. लॉक काढल्याने वेग वाढतो, ब्रेक मात्र तेच राहतात.

बॅटरीचं काय?

9 एप्रिल 2022 रोजी आपल्या नाशिकमध्येच कंटेनरमधून निघालेल्या 40 पैकी 20 इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या. देशात इतरत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर नोंदणी होणाऱ्या दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-156 हे मानक डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने कडक झालं. घरी एवढं पाळा : गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा, गाडी उन्हातून आल्यावर थोडी थंड होऊ द्या, आणि जिन्यात किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारात रात्रभर चार्जिंग लावू नका.

मग गाडी घ्यायचीच नाही का?

तसं मुळीच नाही. धूर नाही, खर्च कमी, आणि महाराष्ट्राने 2021 व 2025 मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरणं आणली आहेत. उद्याची गाडी हीच आहे. पण तिचं भविष्य जितकं कारखान्यावर, तितकंच आपल्या सवयींवर अवलंबून आहे.

या रविवारी एक प्रयोग करा. मोकळ्या मैदानात गाडी स्वतः चालवा आणि मोबाईलवर कमाल वेग नोंदवा. 25 च्या वर गेला, तर मुलाला चावी देऊ नका. खाली राहिला, तरी हेल्मेट हवंच. लायसन्समधून सूट कायद्याने दिली आहे, डांबरी रस्त्याने नाही!