सूज येते ती कशासाठी?

शेतात अनवाणी चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो. काटा काढला तरी संध्याकाळपर्यंत ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. वैद्यकशास्त्रात याला ‘दाह’ म्हणतात. ही सूज म्हणजेच रोग, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती जंतूंविरुद्ध शरीराने सुरू केलेली लढाई असते. या लढाईतले सैनिक म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी, हे आपण ऐकलेले असते. परंतु या सैनिकांना नेमक्या जागी उतरवून घेण्याचे काम रक्तवाहिनीची भिंत करते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

१८६७ साली बर्लिनमध्ये युलिउस कोनहाइम या शास्त्रज्ञाने बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दाह सुरू होताच पांढऱ्या पेशी प्रवाहाच्या कडेला आल्या, भिंतीला चिकटल्या आणि हळूहळू तिच्यातून बाहेर पडल्या. पुवातल्या पेशी रक्तातूनच येतात, असे त्याने दाखवून दिले.

हे घडते कसे? रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. एरवी त्याला काही चिकटत नाही. काटा रुतला की आसपासच्या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. रक्तवाहिनी रुंदावते, म्हणून लाली येते. अस्तरात फटी पडून द्रव पाझरतो, म्हणून सूज येते. काही मिनिटांतच अस्तराच्या पेशी सिलेक्टिन नावाची प्रथिने पृष्ठभागावर आणतात. धावत्या एस.टी.ला हात दाखवावा, तसाच हा प्रकार. पांढऱ्या पेशींचा वेग मंदावतो, त्या भिंतीवरून घरंगळू लागतात, मग पक्क्या चिकटतात आणि फटीतून जखमेकडे जातात.

हे चिकटणे किती मोलाचे आहे, हे एका दुर्मीळ जन्मजात विकारात दिसते. त्या बालकांच्या पांढऱ्या पेशींवर चिकटण्यासाठी लागणारे प्रथिन नसते. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण त्या बाहेर पडू शकत नाहीत. नाळ गळायला फार उशीर लागतो, जखमेत पू होत नाही आणि जंतुसंसर्ग वारंवार जिवावर बेततो.

उलट, हीच भिंत नको तेथेही हात दाखवते. विडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील जादा चरबी यांमुळे मोठ्या रोहिण्यांचे अस्तर बिघडते. जंतू नसतानाही पांढऱ्या पेशी तेथे शिरतात, चरबी गिळून साचून राहतात. हृदयविकाराचा पाया असा घातला जातो.

मधुमेही व्यक्तींनी विशेष जपावे. त्यांच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही नीट काम करीत नाहीत. पायाची संवेदनाही कमी झालेली असू शकते. त्यामुळे जखम आतून चिघळत असतानाही लाली आणि ठणका बेताचाच दिसतो. ‘दुखत नाही, म्हणजे बरे आहे’ हा समज पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. अशांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, अनवाणी फिरू नये आणि लहानशी जखमही लगेच डॉक्टरांना दाखवावी.

आणखी एक सूचना. सूज उतरावी म्हणून मनाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्या अस्तराची ही हाक दाबून टाकतात; सूज ओसरते, पण जंतू तेथेच वाढत राहतात. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या अशा गोळ्या त्यांना न विचारता एकदम बंदही करू नयेत.

काटा लागल्यास जागा साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी व धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. लाली पसरू लागली, ताप आला किंवा जांघेत अवधाण आले, तर घरगुती लेपात वेळ न दवडता दवाखाना गाठावा.