रिडक्शन म्हणजे नक्की काय कमी होतं?

पीएचडीचा विषय सांगताना मी 'कार्बन डायऑक्साइडचं रिडक्शन' म्हटलं, की समोरचा हमखास मान डोलावतो: "हो, प्रदूषण कमी व्हायलाच हवं." हवंच. पण प्रयोगशाळेत मी करते ते रिडक्शन वेगळं आणि हवामान परिषदांमध्ये ज्यावर वाद होतात ते वेगळं. आणि पहिलं यशस्वीपणे करून दुसऱ्याचं नुकसान होणं सहज शक्य आहे. ते कसं, हे कळायला आधी या शब्दाकडे जरा बघू.

लॅटिन 'रेदुकेरे' म्हणजे मागे नेणं, परत आणणं. 'कमी करणं' हा अर्थ नंतर चिकटला. वैद्यकात जुना अर्थ अजून जिवंत आहे. निखळलेला खांदा डॉक्टर जागेवर बसवतात, त्याला इंग्रजीत रिडक्शनच म्हणतात. तिथे काहीच कमी होत नाही (दुखणं सोडून). गणितात ८/१२ चं २/३ होतं, किंमत तीच राहते. संगणकशास्त्रात एका प्रश्नाचं रूपांतर दुसऱ्या प्रश्नात करणं म्हणजे रिडक्शन. रिचर्ड कार्प यांनी १९७२ साली अशा रूपांतरांची साखळी लावून २१ प्रश्न सारखेच अवघड असल्याचं दाखवलं. तिथे नवा प्रश्न जुन्यापेक्षा लहान असायला हवा, असंही काही नाही.

रसायनशास्त्रात मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदले. खनिजातून धातू काढणं म्हणजे त्याला धातुरूपात परत आणणं. शिवाय वजनही घटतं: १६० किलो शुद्ध हेमॅटाइटमधून जास्तीत जास्त ११२ किलो लोखंड मिळतं. बाकीचा ४८ किलो ऑक्सिजन. झोतभट्टीत तो बहुतांशी कार्बन मोनॉक्साइड ओढून नेतो. म्हणून ऑक्सिजन काढून घेणं म्हणजे रिडक्शन, अशी सोयीची व्याख्या झाली.

पुढे इलेक्ट्रॉन सापडला आणि व्याख्या रुंदावली. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांब्याचा थर चढतो. तांब्याच्या आयनाला खिळ्याकडून दोन इलेक्ट्रॉन मिळतात. ऑक्सिजनची देवाणघेवाण झालेलीच नाही, तरी हे रिडक्शनच. इथे नववी-दहावीतली मुलं अडतात: मिळालं, मग कमी कसं? इलेक्ट्रॉन ऋण असतो, त्यामुळे प्रभार +२ वरून शून्यावर येतो. कमी होतो तो आकडा. आपल्या पाठ्यपुस्तकांनी 'क्षपण' हा शब्द घेतला, म्हणजे झिजण्या-घटण्याचा अर्थ उचलला आणि परत आणण्याचा सोडून दिला. हिंदीवाले 'अपचयन' म्हणतात, जो मला आणखी त्रासदायक वाटतो. कारण अपचय म्हणजे शरीरात मोठे रेणू फोडून ऊर्जा मिळवणं, आणि त्यात बहुतेक वेळा ऑक्सिडीकरण होतं. म्हणजे बरोबर उलटं!

आता माझ्या कामाकडे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉन द्यायचे आणि त्यातून उपयोगी काहीतरी बनवायचं. दोन इलेक्ट्रॉन दिले तर कार्बन मोनॉक्साइड, आठ दिले तर मिथेन. दोन रेणू जोडून बारा दिले की इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर असे हायड्रोकार्बन चांगल्या प्रमाणात बनतात, हे जपानच्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास दाखवलं. आजही आम्ही बहुतेक जण तांब्याभोवतीच फिरतो आहोत.

पण हे इलेक्ट्रॉन येतात कुठून? विजेतून. हिशोब साधा आहे. एक किलो कार्बन डायऑक्साइडचं कार्बन मोनॉक्साइड करायला, सगळं आदर्श चाललं तरी सुमारे १.६ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात सेलला १.३३ ऐवजी साधारण ३ व्होल्ट द्यावे लागले, तर ३.६ युनिट. कोळशावर एक युनिट वीज बनवताना ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक किलो 'रिड्यूस' करण्यासाठी आपण साडेतीन किलो हवेत सोडला! रसायनशास्त्राच्या दृष्टीने प्रयोग शंभर टक्के यशस्वी. सौर किंवा पवनऊर्जेवर हेच गणित पार बदलतं, पण तीच वीज थेट ग्रिडला देऊन कोळसा वाचवावा का, हा प्रश्न उरतोच.

धोरणातल्या रिडक्शनमध्येही एक पेच आहे. भारताने २०२२ मध्ये जाहीर केलेलं ४५ टक्के घटीचं उद्दिष्ट (२००५ च्या तुलनेत, २०३० पर्यंत) एकूण उत्सर्जनाचं नाही. ते जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागे होणाऱ्या उत्सर्जनाचं आहे. अर्थव्यवस्था पुरेशी वाढली, तर ते गाठूनही एकूण आकडा चढू शकतो. विकसनशील देशासाठी मला ते अन्यायाचं वाटत नाही, पण बातमीत नुसतं '४५ टक्के रिडक्शन' छापलं की वाचणाऱ्याला वेगळंच चित्र दिसतं.

तर आमच्या क्षेत्रातला नवा शोधनिबंध हातात आला, की किती टक्के रूपांतर झालं हे मी नंतर बघते. आधी बघते किती व्होल्ट लागले आणि वीज कुठली धरली आहे.